पारा 2 अंशांवर येईपर्यंत

शनिवार, 29 डिसेंबर 2018 ची पहाट. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान 2 अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं. त्याच सकाळी नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली आणि जानेवारी 1937 पासून टिकलेला 3.9 अंशांचा तिथला नीचांक मोडला. त्याच आठवड्यात निफाडचा पाराही 2 अंशांच्या खाली गेला होता. निफाडची थंडी द्राक्षबागांमुळे दर हिवाळ्यात बातमीत असते. परभणी मात्र 44-45 अंशांच्या उन्हाळ्यासाठी ओळखली जाते. असं असलं तरी जानेवारी 2003 मध्येही इथला पारा 3 अंशांच्या खाली गेलेला होता. म्हणजे हे संकट अनोळखी नव्हतं, फक्त विसरलं गेलं होतं.

त्या रात्री माणसांनी स्वेटर घातले, गोधड्या काढल्या, चौकाचौकांत शेकोट्या पेटवल्या. गाई-म्हशींच्या अंगावर गोणपाट पडलं. कुंडीतल्या झाडांकडे बघायचं मात्र बहुतेक घरांत राहून गेलं. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, कुठल्याही दुमजली घराची गच्ची डोळ्यांसमोर आणा. कठड्यावर मनीप्लँट आणि क्रोटन, लोखंडी स्टँडवर जास्वंद आणि मोगरा, टाकीच्या आडोशाला कढीपत्ता, जिन्याच्या तोंडाशी तुळस. अशा रात्री या गच्चीवर तासातासाला काय घडत जातं, ते इथे मांडतो आहे. कुंडीतलं झाड थंडीच्या एका फटक्यानं मरत नाही. त्याचे आधार एकामागून एक सुटत जातात, आणि त्यातला पहिला आधार थंडी पडण्याच्या कितीतरी आधी सुटलेला असतो.

उरले दोन महिने

31 ऑक्टोबर 2018 रोजी महाराष्ट्र शासनानं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. परभणी जिल्ह्यातले तालुकेही त्या यादीत होते. परतीच्या पावसानं दगा दिला होता, काळ्या रानांना भेगा पडल्या होत्या, रब्बीच्या पेरणीला ओल नव्हती.

दुष्काळ आणि थंडीची लाट या दोन वेगळ्या बातम्या म्हणून छापल्या जातात. झाडाच्या दृष्टीनं त्या एकच आहेत. ओल्या मातीत कोरड्या मातीपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता मावते, आणि ती ओलीतून आत-बाहेर झरझर वाहतेही. दिवसा कोवळ्या उन्हात ओली जमीन जी ऊब साठवते ती रात्री हळूहळू परत देते. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीच्या कणांमध्ये हवा असते, आणि हवा उष्णता धरतही नाही, पुढे जाऊही देत नाही. वरचा थर दुपारी तापतो, सूर्य गेला की लगेच निवतो. खाली काही साठलेलं नसतं.

हवेचंही तसंच. हवेत बाष्प असेल तर रात्री ते जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेतली काही अडवून पुन्हा खाली पाठवतं. विहिरी, नाले, ओली रानं यांच्याकडून हे बाष्प येतं. तेच आटलेले असले की आभाळ स्वच्छ होतं, आणि निरभ्र आभाळ म्हणजे उष्णतेला वर जायला मोकळी वाट. ऑक्टोबरात पाऊस हुकला तेव्हाच डिसेंबरच्या त्या पहाटेची निम्मी तयारी झाली होती, असं माझं मत आहे.

घराघरांतल्या कुंड्यांचं पाणीही याच दोन महिन्यांत तुटलं. टँकरची वाट पाहणारं घर पिण्याचं पाणी झाडांना घालणार नाही, घालूही नये. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला मिळतं. गच्चीवर बादली चढवायला दम लागतो, त्यामुळे वरच्या कुंड्यांची पाळी शेवटी येते.

उरले 15 तास: शुक्रवार, दुपारी 4

ऊन तिरकं आणि सुखाचं आहे. गच्चीवर पापड-कुरडया नाहीत, पण कुणी गव्हाला ऊन देतंय, कुणी केस वाळवतंय. उत्तरेकडून येणारा कोरडा वारा अंगाला बोचतो, तरी उन्हात बसलं की बरं वाटतं. थर्मामीटर बघणाऱ्यालाही या घडीला धोका दिसत नाही.

सगळ्या रात्रीतली निर्णायक घडी मात्र हीच. यानंतर झाडाला बाहेरून ऊब मिळणार नाही. आता जे साठलं ते पहाटेपर्यंत पुरवायचं आहे.

या वेळी कुंडीतली माती ओली केली तर उरलेल्या तास-दीड तासाच्या उन्हात ती थोडी तापते आणि रात्रभर सावकाश निवते. पाणी मातीला घालायचं, पानांवर नाही. संध्याकाळी पानं भिजलेली राहिली तर त्यांच्यावरचं पाणी उडताना पानातली उष्णता घेऊन जातं. झारी बाजूला ठेवून तांब्यानं बुंध्याशी पाणी द्यावं, तेही कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं नको. अडेनियम, निवडुंग, कोरफड यांना मात्र हा नियम उलटा लागतो. त्यांच्या मांसल खोडा-मुळांत आधीच पाणी असतं, आणि गारठ्यात ओल्या मातीत ती सडतात. थंडीची चाहूल लागली की त्यांचं पाणी जवळजवळ बंद करायचं.

पाणी एकच बादली असेल तर कुणाला द्यायची? तुळस, जास्वंद, क्रोटन आणि या वर्षी लावलेली कोवळी कलमं यांना. बोगनवेल, जुना कढीपत्ता, कण्हेर यांना एक रात्र राहू द्या. गुलाब आणि शेवंतीची काळजी तर नकोच, त्यांना ही हवा मानवते.

दुसरं काम जागा बदलण्याचं. गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता धरून असतो. मे महिन्यात याच स्लॅबमुळे खालच्या खोलीत झोप लागत नाही. डिसेंबरात तोच झाडांच्या कामाचा आहे. लोखंडी स्टँडवरची आणि कठड्यावरची कुंडी त्याच्यापासून तोडलेली असते: खालून ऊब नाही, चारी बाजूंनी वारा, वरून सगळं आभाळ. तीच कुंडी उचलून जिन्याच्या खोलीच्या भिंतीलगत, स्लॅबवर टेकवून, दुसऱ्या कुंड्यांना चिकटवून ठेवली की निम्मं आभाळ भिंतीनं झाकलं जातं. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सगळ्यात चांगली, कारण तिच्यावर शेवटचं ऊन पडलेलं असतं. त्या भिंतीला अंधार पडल्यावर हात लावून बघा, ती कोमट लागते.

पाऊण तासाचं काम आहे. शुक्रवारी दुपारी 4 वाजता ते सुचायला मात्र आदल्या अनुभवाची आठवण लागते.

उरले 13 तास: संध्याकाळी 6

डिसेंबरअखेर परभणीत सूर्य सहाच्या पाच-सहा मिनिटं आधीच मावळतो. देवापुढं दिवा लागतो, तुळशीपुढं दिवा लागतो. ज्या घरांत अंगण उरलंय तिथं वृंदावन अंगणाच्या मधोमध असतं. पूजेसाठी, प्रदक्षिणेसाठी ती जागा योग्यच. थंडीच्या रात्री मात्र संपूर्ण घरातली सर्वांत उघडी जागाही तीच.

आता उष्णतेचा व्यवहार एकतर्फी होतो. जमीन, कुंडी, पान, प्रत्येक वस्तू आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानं सतत बाहेर टाकत असते. ढग असतील तर ते बरीचशी परत करतात. निरभ्र, कोरड्या रात्री एका चौरस मीटर पृष्ठभागातून सेकंदाला जाणारी निव्वळ उष्णता छताच्या पंख्याला लागणाऱ्या विजेइतकी, कधी त्याहून थोडी जास्त भरते. हा पंखा रात्रभर उलटा चालू राहतो आणि झाडातली ऊब आभाळात सोडत राहतो.

उन्हाळ्यात गच्चीवर बांधलेली हिरवी शेडनेट दिवाळीनंतर बरेच जण काढून ठेवतात, झाडांना कोवळं ऊन मिळावं म्हणून. दिवसासाठी ते बरोबर आहे. रात्रीसाठी तीच जाळी डोक्यावर हवी होती. जाळीची भोकं असली तरी ती आभाळाचा काही हिस्सा झाकते, आणि तेवढ्यानं पानाचं तापमान अंश-दोन अंश वर राहतं. गारठ्यातला एक अंश म्हणजे पान वाचणं आणि जाणं यांतलं अंतर असू शकतं.

उरले 10 तास: रात्री 9

वारा पडला. लोकांना बरं वाटतं, बोचरेपणा गेला. झाडांसाठी ही वाईट खूण आहे. वारा वाहत असताना वरची थोडी उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळत राहते. वारा थांबला की जड, थंड हवा जमिनीलगत साचते आणि खालचा थर वरच्यापेक्षा गार होतो.

याच सुमारास पारा 10-12 अंशांच्या खाली घसरू लागला असेल, तर उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या आत बिघाड सुरू होतो. बर्फ होण्याची गरज नाही. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा अतिशय पातळ पडदा असतो. उबेत तो लवचिक असतो आणि काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं हे सांभाळतो. थंडीत हा पडदा ताठरतो, त्याला बारीक गळती लागते, आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपू लागतात. थंड हवामानातल्या वनस्पतींच्या पडद्यातले स्निग्ध पदार्थ वेगळे असतात, ते कमी तापमानातही मऊ राहतात. गुलाब आणि तुळस यांच्यातला फरक इथे आहे. डिफेनबाखिया, ॲग्लोनिमा, शोभेची अळवं, क्रोटन, नागवेल ही सगळी दमट, उबदार जंगलांच्या कुळांतली. त्यांना 10 अंशसुद्धा सोसत नाहीत.

यात वेळेचा हिशेब महत्त्वाचा. तासाभराचा गारठा झाड पचवतं. रात्री 9 पासून सकाळी 9 पर्यंतचा बारा तासांचा गारठा पचवणं त्याच्या आवाक्याबाहेर जातं. किमान तापमानाचा एकच आकडा वर्तमानपत्रात येतो. झाडानं किती वेळ काय सोसलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

हवा सलग काही दिवस थोडी थोडी गार होत गेली तर झाडं हे पडदे काही प्रमाणात बदलून घेतात, काटक होतात. पारा एकदम उतरला की ही तयारी अपुरी पडते.

उरले 8 तास: रात्री 11

आता गच्चीवर जाऊन वर बघा. मार्गशीर्षातली वद्य अष्टमीच्या आसपासची रात्र, चंद्र अजून उगवलेला नाही. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर आलंय, व्याधाचा तारा झगझगतोय. ज्या मृगाकडे आपला शेतकरी जूनमध्ये पावसासाठी डोळे लावतो, तोच डिसेंबरच्या रात्री इतका स्वच्छ दिसतो तेव्हा समजावं, की हवेत बाष्प उरलेलं नाही. कुठलंही ॲप न उघडता मिळणारा हा इशारा आहे: आभाळ निरभ्र, तारे ठळक, वारा पडलेला. तिन्ही एकत्र आले की कुंड्यांवर पांघरूण हवं.

हे आपल्याकडे सवयीचं का नाही, याचा विचार करताना मला न्यू जर्सीतली मराठी घरं आठवतात. तिथे तुळस आणि कढीपत्ता कुंडीतच वाढवावा लागतो आणि ऑक्टोबरात रात्री गार होऊ लागल्या की कुंड्या घरात येतात, दक्षिणेच्या खिडकीशी बसतात आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर जातात. त्यात कुणी चुकत नाही, कारण तिथला हिवाळा तारीख देऊन येतो. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात तर 1684 ते 1686 या काळात संत्र्याच्या झाडांसाठी दगडी दालनच बांधलं गेलं. वास्तुविशारद होता ज्यूल्स आर्दुआँ-माँसार. पेटीसारख्या लाकडी कुंड्यांतली ती झाडं आजही ऑक्टोबरात आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. परभणीत हिवाळा सहा महिने राहत नाही. धोक्याच्या रात्री मोजक्या असतात, एखाद्या वर्षी एकही नसते. त्यामुळे कुंड्या आत घेण्याची रीत इथे रुजलीच नाही, आणि जी रात्र येते ती सगळ्यांना बेसावध गाठते.

पांघरुणासाठी नवीन काही विकत आणायला नको. जुनं सुती लुगडं, चादर, बारदान, काहीही चालतं. चार काठ्या रोवून ते पानांच्या वर तरंगतं ठेवायचं आणि कडा खाली जमिनीपर्यंत सोडायच्या, म्हणजे मातीतून येणारी ऊब आत कोंडते. झाडाच्या शेंड्याला फडकं गुंडाळून खाली मोकळं सोडण्यात काही अर्थ नाही. पातळ प्लॅस्टिकचा कागद टाळावा. त्याच्यातून उष्णतेचे किरण बऱ्याच अंशी आरपार जातात, आणि तो जिथे पानाला टेकतो तिथे पान त्याच्याबरोबर गार होऊन करपतं.

उरले 6 तास: रात्री 1

मध्यरात्रीच्या सुमारास अर्धा चंद्र उगवला आहे. त्याच्या उजेडात कठड्यावरची क्रोटनची पानं काळसर आणि किंचित झुकलेली दिसतात. अजून ती वाचू शकतात.

आता गारठा मुळांपर्यंत पोचतो. कुंडीतल्या झाडाची खरी शोकांतिका मला इथे दिसते. अंगणात जमिनीत लावलेल्या जास्वंदीची पानं उद्या कदाचित जातील, पण तिच्या मुळांना रात्र झाल्याचं जवळजवळ कळतही नाही. दिवस-रात्रीचा चढउतार जमिनीत खाली जाताना विरत जातो आणि फूट-दीड फुटावर तापमान जवळपास स्थिर असतं. कुंडीतल्या मुळांना हे पांघरूणच नाही. त्यांच्या आणि गार हवेच्या मध्ये बोटभर माती आणि कुंडीची भिंत. त्यातही झाडाची सगळ्यात कोवळी, पाणी शोषणारी मुळं कुंडीच्या कडेलाच गोळा झालेली असतात. कुंडी उपटून बघितलीत तर मातीच्या गोळ्याभोवती त्यांचं जाळं दिसतं. म्हणजे सर्वांत नाजूक भाग सर्वांत गार जागी.

पातळ प्लॅस्टिकच्या काळ्या ग्रो-बॅगेला तर भिंतही नाही. सिमेंटची जाड कुंडी सावकाश निवते. मातीची कुंडी उन्हाळ्यात उत्तम, पण ती ओली असताना बाजूनं पाणी उडत राहतं आणि माठासारखीच आतलं गार करते. मोठी कुंडी छोटीपेक्षा नेहमी सुरक्षित, कारण आत मातीचा साठा जास्त आणि बाहेरचा पृष्ठभाग त्या मानानं कमी. सहा इंचांची कुंडी आधी जाते. ज्यांनी छोट्या कुंड्या एका घमेल्यात किंवा खोक्यात एकत्र ठेवून मधल्या फटींत पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा सोयाबीनचं भुसकट भरलं असेल, त्यांच्या मुळांना थोडीशी का होईना, जमीन मिळाली.

उरले 4 तास: रात्री 3

किती डिग्री, असं लोक सकाळी विचारतील. उत्तर कुठे मोजलं यावर आहे. वेधशाळेचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो, पानाचं नाही. निरभ्र रात्री उघड्यावरचं पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, कारण ते थेट आभाळात उष्णता फेकत असतं. पेटीत 2 अंश असताना त्याच रानातलं उघडं पान शून्यावर किंवा त्याच्याही खाली जाऊ शकतं.

उलट, विद्यापीठाचा परिसर मोकळ्या शेतांचा आहे. शहरातल्या भिंती, रस्ते, स्लॅब यांनी धरलेल्या उबेमुळे दाट वस्तीतली हवा तिथल्यापेक्षा काही अंशांनी बरी असते. त्यामुळे सुभाष रोडवरच्या बोळातली तुळस आणि गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतल्या, आजूबाजूला प्लॉट रिकामे असलेल्या घरातली तुळस यांच्या वाट्याला एकच थंडी येत नाही. ज्यांची घरं गावाच्या कडेला आहेत त्यांनी बातमीतला आकडा आपलाच समजावा.

दवाचाही इथे संबंध येतो. हवेत पुरेसं बाष्प असलं की पान गार होताच त्याच्यावर दव धरतं, आणि बाष्पाचं पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 590 कॅलरी उष्णता मोकळी होते. ही उष्णता घसरण रोखून धरते. दुष्काळी वर्षातल्या कोरड्या हवेत दव धरायलाच फार खाली उतरावं लागतं. पांढरं हिम न दिसता झाड काळं पडतं ते यामुळे. सकाळी लोक म्हणतात, दहिवरसुद्धा नव्हतं, मग झाड कसं गेलं? दहिवर नव्हतं, हेच एक कारण.

उरले 2 तास: पहाटे 5

शिवारात जागे झालेले शेतकरी बागेला पाणी सोडत असतील, ज्यांच्या विहिरीत ते आहे ते. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, त्याला वाफ येताना दिसते. थंडीच्या लाटेत केळीसारख्या बागांना रात्री हलकं पाणी देण्याचा सल्ला कृषी विद्यापीठं देत आली आहेत, आणि त्याचा पाया हाच आहे. बांधावर ओला पाला जाळून धूर करण्याचाही सल्ला असतो. धुराबद्दल मला शंका आहे. धुराचे कण इतके बारीक असतात की उष्णतेच्या किरणांना ते फारसे अडवत नाहीत. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा. गच्चीवर तर धूर करूच नये, शेजाऱ्यांना त्रास आणि झाडांना काही नाही.

ज्या उघड्या पानांचं तापमान शून्याखाली एक-दोन अंशांवर गेलं, त्यांच्यात आता बर्फ धरू शकतो. तो आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो. बाहेर बर्फ झाला की पेशीतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं, पेशी आतून कोरडी होत आक्रसते, पडदे फाटतात. पाणी गोठल्यानं पेशी फुटते असा समज आहे. बहुतेक वेळा ती तहानेनं मरते. दुष्काळानं आधीच तहानलेल्या झाडाची ही शेवटची तहान.

शून्य तास: सकाळी 7

सूर्योदय सातच्या काही मिनिटं आधी. किमान तापमान साधारण याच वेळी, बऱ्याचदा सूर्य उगवल्यानंतर काही मिनिटांनी नोंदलं जातं, कारण पहिल्या किरणांत रात्रीची गळती भरून काढण्याइतकं बळ नसतं. विद्यापीठाच्या वेधशाळेत 2 अंश.

गच्चीवर सगळं जागच्या जागी आहे. क्रोटनची पानं अजून रंगीत, तुळस अजून हिरवी. फार तर पानांवर तेलकट, पाण्यानं भिजल्यासारखे डाग दिसतील. चहा घेऊन वर आलेल्या माणसाला वाटेल, सुटलो.

सकाळी 8 ते 11

घाव आता दिसायला लागतो. ऊन थेट पानांवर येतं. पान प्रकाश घेतं, पण गारठलेल्या पेशींत साखर बनवण्याचं काम ठप्प आहे. वापरली न गेलेली ती ऊर्जा हरितद्रव्यालाच जाळते. दुसरीकडे उन्हानं पानातून पाणी उडू लागतं आणि पान मुळांकडे पाणी मागतं. मुळं अजून गार मातीत आहेत. 2-3 अंशांचं पाणी 30 अंशांच्या पाण्याच्या दुप्पट चिकट असतं, ते सहज वर चढत नाही, आणि थंड मुळांची पाणी घेण्याची ताकदही घटलेली असते. कुंडीत पाणी असूनही झाड वाळतं. अकरापर्यंत क्रोटन लोंबलेलं, तुळशीचे शेंडे काळे, मनीप्लँटची पानं उकडल्यासारखी मऊ.

या तीन तासांतही काही वाचवता येतं, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. रात्री पांघरूण घातलं असेल तर ते सातला ओढून काढू नका, नऊपर्यंत राहू द्या, म्हणजे झाडावर ऊन हळूहळू येईल. पांघरूण नसेल तर गारठलेल्या कुंड्या सकाळी उन्हात न सरकवता दुपारपर्यंत सावलीत ठेवा. प्रेमानं उन्हात नेलेली झाडं या घडीला जास्त जातात. गरम पाणी ओतू नका. साधं, टाकीतलं कोमट झालेलं पाणी दुपारी द्या.

तीन दिवसांनंतर

काळी पानं वाळून कुरकुरीत झालेली, काही गळालेली. या वेळी हात शिवशिवतात, कात्री घेऊन सगळं छाटून टाकावं वाटतं, खत घालून झाडाला उभारी द्यावी वाटतं. दोन्ही करू नका. वाळलेली पानं आणि काड्या खालच्या जिवंत डोळ्यांवर छत्र धरतात, आणि जानेवारी अजून पुढे आहे. छाटल्यावर येणारी कोवळी फूट पुढच्या गारठ्यात पहिली बळी पडेल. खताचं तर खराब झालेल्या मुळांना ओझंच होतं. पाणीही बेतानं, कारण पानं गेलेल्या झाडाला ते लागत नाही आणि ओल साचून मुळं कुजतात. अपवाद फक्त मऊ पडून सडणाऱ्या भागाचा: अडेनियमचं खोड दाबून मऊ लागलं तर तो भाग चांगल्या भागापर्यंत कापून काढावा आणि कुंडी कोरडी ठेवावी.

तुळशीबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. मंजिऱ्या धरलेली तुळस हिवाळ्यात आधीच थकत चाललेली असते. काळी पडलेली तुळस दारात ठेवू नये असं घरातली वडील माणसं म्हणतात आणि ती लगेच विसर्जित होते. त्याआधी वाळलेल्या मंजिऱ्या काढून चिमूटभर बी कागदात बांधून ठेवावं. फेब्रुवारीच्या शेवटी, रात्री उबदार झाल्यावर, ते पेरलं की त्याच घरातली तुळस पुन्हा त्याच वृंदावनात उभी राहते.

मार्च

होळी झाली की निवाडा करा. खोडावर नखानं बारीक ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर तिथपर्यंत झाड जिवंत आहे. वरचं छाटा, आता खत घाला. शेंड्याकडे तपकिरी लागलं तर खाली खाली येत जा. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, कुंडीतलं लिंबू यांना अनेकदा बुंध्याजवळून फूट येते, कधी एप्रिल उजाडल्यावर. कलमी झाड असेल तर फूट कलमाच्या सांध्याच्या वर आहे की खाली ते नीट बघा. खालची फूट खुंटाची, ती काढून टाकायची. नुसतं वाळलेलं दिसतं म्हणून कुठलंही झाड होळीच्या आधी उपटू नका.